सैबेरियाचे पिल्लू आणि आष्टीचा उन्हाळा

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर आष्टीतील एक शिक्षक दाम्पत्य आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन मला भेटावयास थांबले. मुलाला ‘हस्की’ जातीचे पिल्लू हवे होते. पुण्याला नोकरी करणाऱ्या मामाने ते वाढदिवसाला आणून देण्याचे कबूलही केले होते. “फादर, आता तुम्हीच सांगा, घ्यावं का न घ्यावं? तुमच्या शब्दाबाहेर तो जाणार नाही,” आई म्हणाली. मुलगा माझ्याकडे मोठ्या आशेने पाहत होता. मुक्या प्राण्यावर प्रेम करू नकोस असे धर्मगुरू कसे म्हणतील, असा त्याचा हिशेब असावा.

मी लगेच उत्तर दिले नाही. त्याचे कारण आधी कबूल करणे मला भाग आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना हाच प्रश्न एका कुटुंबाने मला विचारला होता. मी हसून म्हणालो होतो, “घ्या की! मुलांना प्रेम करायला शिकवणारा यासारखा दुसरा गुरू नाही.” असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणाला, चार ऑक्टोबरला, त्या घरी जाऊन मी त्या पिल्लावर पवित्र पाणी शिंपडले, मुलांबरोबर पेढे खाल्ले आणि परतलो. पुढच्या मे महिन्यात घरची मंडळी सकाळीच एका लग्नाला गेली. पिल्लू आता चांगले मोठे झाले होते. त्याला गच्चीवरच्या पत्र्याखाली बांधले, पाण्याचे भांडे भरून ठेवले. भांडे केव्हातरी उपडे झाले. मंडळी तिसऱ्या प्रहरी परतली तेव्हा ते आडवे पडून धापा टाकत होते. डॉक्टर येईपर्यंत सारे संपले होते. मी भेटीला गेलो तेव्हा घरातली थोरली मुलगी रडत नव्हती. तिने मला एवढेच विचारले, “फादर, त्याला ऊन सोसत नाही हे तुम्हाला माहीत होतं का?”

मला माहीत नव्हते. मी माहीत करून घेतले नव्हते, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

त्यानंतर मी जे वाचले ते आधीच वाचावयास हवे होते. हा कुत्रा मूळचा सैबेरियाच्या ईशान्य टोकाकडचा. तेथील चुक्ची लोकांनी तो बर्फावरून गाडी ओढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला दाट आणि मऊ, बाहेरचा लांब व राठ. उन्हाळा आला म्हणून ते केस भादरून टाकावेत तर तेही योग्य नाही, कारण तोच थर त्याच्या कातडीचे उन्हापासूनही रक्षण करतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा गारव्याचा मुख्य उपाय. त्याच्या शरीराचे तापमान स्वस्थ स्थितीत ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, ते ४१ च्या वर गेले की जीव धोक्यात येतो. आणि आपल्या बीड जिल्ह्यात मे महिन्यात हवेचेच तापमान ४० च्या पुढे जाते.

आपल्याकडे एक गमतीची म्हण आहे : बैलगाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते की गाडी आपणच ओढतो. ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांखाली असे कुत्रे आपण पाहिलेले आहेत. या सैबेरियाच्या कुत्र्याला मात्र ती म्हण लागू पडत नाही. तो गाडी खरोखरच ओढतो. १९२५ साली अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस गाडीवानांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी एक हजार किलोमीटरहून अधिक अंतर बर्फातून साडेपाच दिवसांत तोडून औषध पोहोचविले. त्यांतील बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा आहे. एवढे धावण्यासाठी घडविलेला जीव तीन खोल्यांच्या घरात कोंडला तर तो काय करील? तो अंगण उकरतो, कुंपण ओलांडतो, एकटा पडला की लांडग्यासारखा गळा काढतो. राखणीच्या कामीही तो फारसा येत नाही, कारण परक्या माणसाशीही त्याचे चटकन जमते. लोक मोहतात ते त्याच्या निळ्या डोळ्यांना. डोळ्यांमागचा कुत्रा कोणी विचारात घेत नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्‌गुणाचे केलेले विवरण आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. विवेकाच्या घटकांमध्ये ते परिस्थितीचे भान हाही एक घटक मानतात आणि त्याला एक साधे उदाहरण देतात. एखाद्यावर माया दाखविणे ही मुळात चांगली गोष्ट. त्याच्याही मनात त्यामुळे माया उपजेल. परंतु तो माणूस गर्विष्ठ असेल, किंवा ती माया त्याला खुशामत वाटणार असेल, तर तेच कृत्य तेथे अनुचित ठरते. मला त्या वेळी हे उदाहरण फार किरकोळ वाटले होते. त्या गच्चीवरून उतरताना ते आठवले. मी त्या कुटुंबाला दिलेला सल्ला सर्वसाधारणपणे खोटा नव्हता. त्या घराच्या, त्या जातीच्या कुत्र्याच्या आणि त्या उन्हाच्या बाबतीत तो खोटा होता. प्रेम म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, असेही संत थॉमस सांगतात. मग पिल्लू आपल्या घराला शोभेल का, हा प्रश्न आपण उलटा विचारावयास हवा. आपले घर त्याला मानवेल का?

कोणी म्हणेल, एवढ्याशा कुत्र्याच्या पिल्लासाठी संत थॉमसांना कशाला बोलवायचे? नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात धार्मिक मनुष्याची एक खूण सांगितली आहे. तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया देवदूतासह प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही मागोमाग चालू लागतो. ग्रंथकाराला त्याच्याकडून कथेत काहीही करून घ्यावयाचे नाही, तरीही त्याने त्याला वगळलेले नाही. हा उल्लेख मला नेहमीच आवडत आला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि आष्टीसारख्या ठिकाणी तो टाळता येत नाही. अशा कुत्र्याला जगवावयाचे तर उन्हाळ्यात वातानुकूलित खोली हवी, मुबलक पाणी हवे. २०१९ च्या दुष्काळात या तालुक्यातील माणसे आपली जनावरे घेऊन चारा छावण्यांत मुक्कामाला होती. पलीकडच्या वस्तीवर बायामाणसे टँकरची वाट पाहत असताना अलीकडे कुत्र्यासाठी यंत्राने हवा थंड करणे, हे ख्रिस्ती माणसाला शोभेल काय? १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मनुष्याच्या प्रतिष्ठेला सोडून आहे, आणि माणसांच्या दैन्यनिवारणाला जो पैसा आधी लागावयास हवा तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अयोग्य आहे. मात्र या दुसऱ्या वाक्याचा आधार घेऊन कंजूषपणा लपविणारी माणसेही मी पाहिली आहेत. ती कुत्र्यालाही देत नाहीत आणि शेजाऱ्यालाही नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेल्या गोष्टीतला गरीब मनुष्य आपल्या घासातला घास कोकरीला भरवीत असे, तिला उराशी घेऊन निजत असे. त्याला संदेष्टा उधळ्या म्हणत नाही. ती कोकरी त्याच्या घरात, त्याच्या ऐपतीत, त्याच्या हवेत वाढत होती. मला वाटते, भेद येथेच आहे.

असो. मी त्या शिक्षक दाम्पत्याला म्हणालो की संध्याकाळी घरी येतो, मग बोलू. गेलो तेव्हा मुलाने वहीत वेळापत्रक आखून ठेवले होते. पहाटे पाचला फिरवणे, शाळेतून आल्यावर पाणी, रात्री पुन्हा फिरवणे. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नव्हती. मी त्याला सांगितले की हा कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. तू सहा वर्षांनी कॉलेजसाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाशील, तेव्हा ही वही कोणाकडे देशील? तो वडिलांकडे पाहू लागला आणि वडील खिडकीकडे.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आजी बोलल्या. आतापर्यंत त्यांना कोणी विचारलेच नव्हते. “भर दुपारी तुम्ही सगळे शाळेत. घरात मी एकली. लाईट गेली तर त्याच्या अंगावर वल्लं फडकं कोन घालणार? माझ्या गुडघ्यानं मला उठवत न्हाई. अन्‌ वढ घेतली त्यानं, तर मीच फरफटत जाईन बाबा.”

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने मुलानेच विचारले, “पण फादर, मामानं बघून ठेवलेलं पिल्लू तर जन्मलेलंच आहे. आपण नाही घेतलं तर दुसरं कुणीतरी नेईलच की. त्याच्या घरी तरी गारवा असेल का?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि मी ते आहे असे भासविलेही नाही. पैसे देणारा मिळतो तोवर अशी पिल्ले आपल्या हवेत जन्माला घातली जाणार, एवढे मी त्याला सांगितले. ते त्याला कितपत पटले कोण जाणे. लातूर-उदगीरकडची कारवानी आणि पश्मी कुत्री याच मातीत आणि याच उन्हात पिढ्यान्‌पिढ्या धावत आली आहेत, हेही सांगून पाहिले. पण त्यांचे डोळे निळे नसतात.

प्रार्थनामंदिरामागच्या पडवीत एका गावठी कुत्रीने चार पिल्ले घातली आहेत. मामाला नकार कळविल्यानंतर मुलगा ती पाहून गेला. एकाचा रंग बरा आहे, पण कान फार मोठे आहेत, असे त्याचे मत पडले. ती अजून दूध पीत आहेत, आईपासून तोडायची नाहीत, असे मी त्याला बजावले. येत्या रविवारी पुन्हा पाहायला येतो म्हणाला आहे, आजीलाही घेऊन.