जमीन ज्याची, पाणी त्याचे?

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि निवाले, त्यांतून हा खडक तयार झाला. गंगेच्या खोऱ्यातल्या शेकडो मीटर जाडीच्या गाळात जसे पाणी साठते, तसे या खडकात साठत नाही. ते राहते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत, दोन थरांच्या सांध्यांत आणि वायूच्या पोकळ्यांनी सच्छिद्र झालेल्या मांजऱ्या खडकात. त्याखालच्या एकसंध काळ्या पाषाणात पाणी जवळपास नसतेच. त्यामुळे राज्याच्या बहुतेक भागात भूजलाचा हिशेब वर्षाचा असतो: चांगल्या पावसाळ्यात साठा भरतो, उन्हाळा येईपर्यंत तो उपसून संपतो. शिवाय हा साठा शेताच्या बांधाला जुमानत नाही. एकाच थराचे पाणी दहा-वीस शेतकऱ्यांच्या विहिरींत झिरपते, आणि एकाने जास्त उपसले की इतरांच्या विहिरींची पातळी खाली जाते.

कायद्याने मात्र या पाण्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. १८८२ च्या ‘इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट’ने इंग्लंडमधले तत्त्व इथे आणले: निश्चित प्रवाहातून न वाहणारे, जमिनीखाली मुरलेले पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क जमीनमालकाचा. किती उपसावे, याला मर्यादा नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला हक्कही नाही. नदी सर्वांची, पण तीच नदी उन्हाळ्यात ज्या झऱ्यांवर जगते ते झरे खासगी, अशी ही विभागणी. खडकाच्या अंगाने पाहिले तर ती अगदी कृत्रिम आहे.

तरीही दीर्घकाळ तिने फारसे नुकसान केले नाही, कारण मर्यादा घालायला मोट होती. सात-आठ परस खोल विहीर आणि बैलांची जोडी दिवसभरात जेवढे पाणी काढू शके, तेवढाच उपसा. बैल थकत, विहीर रात्रीतून पुन्हा भरे. डिझेल इंजिन आले, पाठोपाठ विजेची मोटर आली आणि ही मर्यादा ढिली झाली. १९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी खडक फोडणारी विंधन यंत्रे खेड्यापाड्यांत फिरू लागली. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच वर्षी स्थापन झाली. माणसांची तहान भागवायला आलेले हे यंत्र पुढच्या दोन दशकांत खासगी शेतीच्या सेवेला लागले. आज मराठवाड्यात पाचशे-सातशे फूट, क्वचित हजार फुटांपर्यंत बोअर मारले जातात. पाणाड्या नारळ हातावर धरून जागा दाखवतो, यंत्र रात्रभर चालते, आणि सकाळी कित्येकदा कोरडी भुकटीच बाहेर पडते. त्या भुकटीचे पैसे मात्र फुटावर मोजूनच द्यावे लागतात.

हक्क मोटेच्या काळातला आणि हत्यार सबमर्सिबल पंपाचे, या विसंगतीतून भूजलाचा नैतिक पेच उभा राहतो. खोल जाण्याची शर्यत जिंकण्यासाठी पैसा लागतो. ज्याच्याकडे तो आहे किंवा ज्याला कर्ज मिळते, त्याचे बोअर खाली जाते आणि शेजारच्या अल्पभूधारकाची उथळ विहीर कोरडी पडते. यात कोणी कुंपण ओलांडलेले नसते, कोणाच्या मोटरीची तार तोडलेली नसते. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते. शेजारच्या विहिरीतून निघून गेलेल्या पाण्याची नोंद कुठेच होत नाही. जमिनीच्या एका वावासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडणारा समाज पाण्याच्या या हस्तांतराला मात्र नशीब म्हणतो. पुढे तो शेजारीही कर्ज काढून बोअर घेतो, आणि अपयशी बोअरचे कर्ज हे कोरडवाहू भागातल्या कर्जबाजारीपणाचे एक ठळक कारण होऊन बसते.

पावसाच्या बदलत्या स्वभावाने हा पेच अधिक अवघड केला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मध्य भारतात व्यापक क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे दिसले. भूजलाच्या दृष्टीने रिमझिम आणि ढगफुटी यांत मोठे अंतर आहे. दहा दिवसांत पडलेला शंभर मिलिमीटर पाऊस मुरतो. तोच दोन तासांत पडला तर माती घेऊन ओढ्याने निघून जातो. वर्षाची सरासरी गाठली तरी विहीर भरतेच असे नाही.

देशाचा वार्षिक भूजल उपसा सुमारे २४० अब्ज घनमीटर आहे, आणि त्यातले सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी शेतीला जाते. महाराष्ट्रात सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा लागवडीखालील क्षेत्राच्या अगदी लहान भागावरचा ऊस पितो. पण ऊसकऱ्याला दोष देऊन हात झटकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. उसाला किमान दर कायद्याने ठरलेला आहे आणि कारखाना तो विकत घेतो. तुरीला आणि ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेलच याची खात्री नसते. अशा स्थितीत शेतकरी उसाकडे वळतो, तो अविचाराने नव्हे, हिशेबाने. विजेची तीच गोष्ट. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज मिळते. संकटातल्या शेतकऱ्याला हा आधार आहे, यात वाद नाही. पण या मदतीचे माप पंप आहे. ज्याला पंप नाही त्याच्या वाट्याला काही येत नाही, आणि ज्याला आहे त्याला बटण बंद करण्याचे कारण उरत नाही. शेततळ्यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी आखलेल्या या तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर लागले आणि अनेक ठिकाणी ती बोअरच्या पाण्याने भरली जाऊ लागली. जमिनीखाली सर्वांचे असलेले पाणी वर आणून एकाच्या तळ्यात ठेवायचे, त्यातले काही उन्हाने उडून जाऊ द्यायचे, आणि त्यासाठी अनुदानही द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

या सगळ्यावर राज्याने शोधलेला मुख्य उपाय म्हणजे पाणी अडवणे आणि जिरवणे. रोजगार हमीवरची बांधबंदिस्ती, पाणलोट विकास, २०१४ च्या अखेरीस सुरू झालेले जलयुक्त शिवार, पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा अशी ही मोठी परंपरा आहे. तिने अनेक गावांचे टँकर थांबवले, ओसाड माळ हिरवे केले. श्रमदानाला हजारो हात येतात, कारण अडवण्यात कोणाचेच नुकसान दिसत नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. पातळी दोन मीटरने वाढली की गावात नवी बोअर होतात, बाजरीच्या जागी ऊस किंवा डाळिंब येते, आणि चार वर्षांत पाणी पुन्हा पहिल्या जागी जाते. वरच्या गावाने सगळे अडवले तर खालच्या गावाच्या ओढ्याला काय उरते, हा प्रश्न तर विचारलाही जात नाही. साठा वाढवणे हे अभियंत्याचे काम आहे. तो वाटून घेणे हे समाजाचे, आणि तिथेच समाज मागे सरतो.

असे नेहमीच होते असे मात्र नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धती काही शतके चालली. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, आणि कालव्याखालच्या शेतीचे फड. प्रत्येक फडात एकच पीक, त्याची निवड सामूहिक, पाणी सोडायला पाटकरी. टंचाईच्या वर्षी काही फड भिजवायचे आणि बाकीचे कोरडे ठेवायचे. एकाच कुटुंबाचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असत, म्हणून तोटाही वाटला जाई.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. पुण्यात उद्योग चालवणारे हे अभियंते १९७२ च्या दुष्काळाने हलले. १९७४ मध्ये त्यांनी देवस्थानची सोळा हेक्टर जमीन पन्नास वर्षांच्या कराराने घेतली आणि पाणलोटाचा प्रयोग सुरू केला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडे, पण मुळावर जाणारे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणशी मिळेल: दर माणसाला अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. दहा एकर असलेल्याची उरलेली जमीन पावसावर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा. ऊस नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा भाग सभासदांनी स्वतः उचलायचा. १८८२ च्या कायद्याने पाणी आणि जमीन यांची जी गाठ मारली होती, ती इथे सोडवली गेली. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवरच्या बळीराजा धरणाच्या लढ्यातही भूमिहीनांसह समान पाणीवाटपाची मागणी पुढे आली. महाराष्ट्रातल्या पाणीविचाराची ही सर्वांत न्याय्य शाखा म्हणावी लागेल, आणि सर्वांत कमी अनुसरली गेलेलीही. साळुंखे २००२ मध्ये गेले. २००५ मध्ये सिंचनाचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला, त्याने पाणी वापर संस्थांना बळ दिले, पण त्यांचे सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमीनधारकांपुरतेच राहिले.

हिवरे बाजारचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, म्हणून त्यातला एकच धागा इथे पुरेसा. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, बांध घातले. पण टिकाव आला तो शेतीसाठी बोअर न घेण्याच्या आणि ऊस-केळी न लावण्याच्या नियमाने. पावसाळा संपला की पडलेला पाऊस मोजायचा, माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात कोणते पीक बसते ते ग्रामसभेत ठरवायचे. कमी पावसाच्या वर्षी उन्हाळी पीक नाही. या नियमाला ना पोलीस लागला ना मोठा खर्च. लागला तो शेजाऱ्यावरचा विश्वास, आणि तो जमवायला वर्षे गेली. शासनाने अशी आदर्श गावे जाहीर करून भागत नाही, ते याच कारणाने.

कायदा आता अगदीच गप्प नाही. १९९३ मध्ये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर खोदायला बंधन आले. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने, जो २०१४ मध्ये अमलात आला, अधिसूचित क्षेत्रात शेती आणि उद्योगांसाठी साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना मनाई करण्याची, विहिरींच्या नोंदणीची, पाणलोट समित्यांची आणि उपलब्ध पाण्यावर आधारलेल्या पीक आराखड्याची तरतूद केली. नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध व्हायला २०१८ साल उजाडले. दरम्यान एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरवरच्या लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते.

भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ऑक्टोबरची नोंद रब्बीच्या तोंडावर येते. ग्रामसभांनी ती मागून घ्यावी, गावकऱ्यांसमोर वाचावी, आणि भूमिहीनांना त्या बैठकीत बसवून मगच पेरणी ठरवावी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.