चाचपणारी श्रद्धा

विश्वास डोळस असू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर वैशाखात नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्या मित्रांकडे पाहिलं की मिळतं. बेलपाड्यातून निघणारी ही वाट म्हणजे शिळांनी भरलेली घळ. तापलेल्या कातळाची खाच हात आधी चाचपतो, थोडा भार टाकून पाहतो, माती निसटली की सोडून देतो. पण वरून ‘दगड!’ अशी आरोळी आली की खालचा काहीही न तपासता कड्याला चिकटतो. त्या क्षणी मित्राच्या शब्दाची परीक्षा होत नाही. ती आधीच्या प्रत्येक टप्प्यावर होऊन गेलेली असते.

कोणी म्हणेल, ही नुसती सवय. खऱ्या श्रद्धेला पुरावा लागत नाही. मला हे पटत नाही. पुरावा कितीही जमला तरी पुढच्या पावलाची हमी तो देत नाही, तिथे भरवसा टाकावाच लागतो. गडावर केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यातून शिवलिंगाला प्रदक्षिणा घालणारा भाविकही तळ चाचपतच पाऊल टाकतो. त्याने त्याची भक्ती उणावत नाही. प्रश्न विचारणं हेही असंच चाचपणं. म्हणून देवाधर्माबद्दल प्रश्न विचारणाऱ्या मुलांना घरात गप्प बसवू नका.