हौशी हात, विणकराचा हात



हौसेने हातमाग शिकणाऱ्याची पहिली परीक्षा घेतो तो काठ. धोटा फेकला की बाणा जरा जास्त ओढला जातो आणि कापड कडेला आत खेचले जाते. येवल्याच्या विणकराला तो ताण मोजावा लागत नाही, हातालाच कळतो. पैठणीच्या पदरावरचा मोर तर नुसता धोटा फेकून उमटत नाही. प्रत्येक रंगाचा धागा बोटांनी ताण्यात घालून शेजारच्या रंगात अडकवायचा, म्हणून अस्सल पैठणी उलटसुलट सारखीच दिसते.

घरे बांधूनच माणूस गवंडी होतो आणि न्यायाने वागूनच न्यायी, असे ॲरिस्टॉटल शिकवतो. खरे आहे; पण मला ते इथे अपुरे वाटते. हौशी माणूसही करूनच शिकतो, मात्र कंटाळा आला की तो उठू शकतो. विणकराचा किराणा त्या मागावरच येतो. दोघांतले अंतर केवळ सफाईचे नाही.

मग हौस वाया गेली का? मुळीच नाही. (छंदवर्गांना नाके मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही.) वीतभर कापड विणताना ज्याची पाठ भरून आली, त्याला पैठणीच्या किमतीत किती दिवसांची बैठक आहे हे उमगते. यंत्रमागाच्या साडीचा भाव सांगून विणकराशी घासाघीस करणे त्याला तरी जड जावे, एवढीच माझी अपेक्षा.