पूजेआधी परीक्षा

दापोली तालुक्यातल्या मुरुडला घराचं काम काढायचं तर आधी भूमिपूजन होतं. कुदळीला हळदकुंकू लागतं, नारळ वाढवला जातो आणि जमिनीला इजा होणार म्हणून तिची क्षमा मागितली जाते. जिच्यापुढे हात जोडले, तिचीच मग प्रयोगशाळेत तपासणी करायची, हा श्रद्धेतला कमीपणा मानायचा का?

परंपरेने तो तसा मानलेला नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त जमिनीची परीक्षाच सांगून ठेवली आहे. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती त्यातच परत भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर अशुभ. भाषा शुभाशुभाची असली, तरी त्यातून कळतं ते मातीचं घट्टपण. घट्ट माती मोकळी केली की फुगते आणि उरते. पोकळ जमिनीची माती खड्ड्यालाही पुरत नाही.

आज रस्त्याच्या किंवा धरणाच्या भरावावर होणारी 'सँड रिप्लेसमेंट' चाचणीही खड्ड्यापासूनच सुरू होते. लहान गोल खड्डा खणून त्यातली माती जपून गोळा करतात, तिचं वजन आणि ओलावा मोजतात. मग ठरावीक घनतेची कोरडी वाळू नळकांड्यातून खड्ड्यात सोडतात. किती वाळू मावली यावरून खड्ड्याचं आकारमान कळतं आणि त्यावरून थराची कोरडी घनता निघते. ती प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या बहुधा ९५ टक्के किंवा त्याहून जास्त लागते.

ही कमाल घनता काढण्याची रीत लॉस एंजेलिसमध्ये धरणांच्या कामावर असलेल्या राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ साली मांडली. साच्यात मातीचे तीन थर, प्रत्येक थरावर ठरावीक उंचीवरून हातोड्याचे २५ ठोके, आणि दर वेळी पाणी थोडं वाढवायचं. घनता आधी चढते, मग उतरते. कोकणात पावसाळ्यानंतर खळं करणाऱ्या बायामाणसांना हे हाताने कळतं. माती कोरडी असली तर चोपण्याखाली भुगा होतो, पाणी जास्त झालं तर ती चोपण्यालाच चिकटते. कणांना एकमेकांवरून सरकायला ओल हवी. पण पोकळ्या पाण्याने भरल्या की ठोका कितीही जोराचा असो, पाणी दबत नाही. जांभ्याच्या मातीत आणखी एक पेच आहे. भट्टीत वाळवली की तिचे गुण बदलतात आणि मारलेल्या ठोक्यांनी तिचे कण फुटतात. म्हणून तिच्या प्रत्येक ठोकणीला ताजा नमुना घ्यावा लागतो.

एवढं असूनही काम फसलं, तर दोष कुणाचा? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. २ जुलै २०१९ च्या रात्री दापोलीच्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडीतली माणसं घरांसकट वाहून गेली. धरणाला गळती असल्याचं गावकऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. अशा वेळी पाचव्या कारणाकडे बोट दाखवणं सोपं असतं. पहिली चार तपासल्याशिवाय तसं करणं हा मेलेल्यांवर अन्याय आहे, आणि गीतेवरही.

मातीकामात तर जबाबदारीचा हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. एका थरावर दुसरा चढला की खालचा कायमचा झाकला जातो. त्यावर रोलर नीट फिरला की नाही, हे पुढे वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेस पडत नाही. नापास थर उखडून, वापसा साधून पुन्हा दाबायला लावणारा पर्यवेक्षक पुढे त्या रस्त्यावरून जाणाऱ्या, त्या बांधाखाली झोपणाऱ्या अनोळखी माणसांचं देणं फेडत असतो. जमिनीची क्षमा मागताना यजमान जो शब्द देतो, तो पाळला जातो तो याच कामात. म्हणून पुढच्या भूमिपूजनाच्या दिवशी मुहूर्ताबरोबर मातीचा अहवालही यजमानाने मागावा, आणि गुरुजींनी तो आल्याशिवाय कुदळ उचलू देऊ नये.