राग आला, शब्द कोणी उच्चारला?

इशाच्या नमाजनंतर मशीद रिकामी होऊ लागली की एखादा माणूस मागे रेंगाळतो. गेल्या हिवाळ्यात येथे, अंजनगावात, असाच एक तरुण बसून राहिला. जेवणाच्या ताटावरून वाद झाला आणि त्याने पत्नीला तीनदा तलाकचा शब्द ऐकवला होता. "मौलाना, मनात नव्हते, रागाच्या भरात तोंडून निघून गेले," एवढेच तो पुनःपुन्हा सांगत होता.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी असा तलाक रद्दबातल ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो शिक्षापात्र गुन्हा झाला. फिकहच्या बाजूसाठी मी त्यास मुफ्तीसाहेबांकडे पाठविले. परंतु प्रश्न उरतोच : मनात नसलेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची?

मराठी भाषा येथे काही सुचविते. 'मला राग आला' या वाक्यात कर्ता राग आहे. तो न बोलावता येतो. मात्र राग 'काढला', 'गिळला', 'आवरला' म्हणताच कर्ता माणूस होतो. शरीअतचा न्यायही याच रेषेवरून चालतो. मनात जे उमटते ते उच्चारात वा कृतीत उतरत नाही तोवर अल्लाहने उम्मतला त्याची माफी दिली आहे, असे हदीसमध्ये आले आहे.

सूरह आलिइमरानच्या १३४ व्या आयतीत राग आवरणाऱ्यांची प्रशंसा आहे. तेथील अरबी शब्दाच्या मुळाशी भरलेल्या मशकीचे तोंड बांधण्याची कल्पना आहे. मशक रिकामी नसते, पाणी आत असतेच. ज्यांना राग येतच नाही अशांची ही प्रशंसा नव्हे.

दमास्कसचे इमाम इब्ने कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी रागातील तलाकवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली व रागाच्या तीन अवस्था सांगितल्या : शुद्ध शाबूत असलेली, शुद्ध पूर्ण हरपलेली आणि या दोहोंमधली. शेवटच्या दोहोंत तलाक होत नाही, असे त्यांचे मत. मधल्या अवस्थेबाबत बहुसंख्य उलेमा सहमत नाहीत. प्रसन्न चित्ताने तलाक देतोच कोण, हा त्यांचा आक्षेप वजनदार आहे. पण मला त्या विभागणीत दुसरेच काही दिसते. शुद्ध हरपलेला माणूसही बहुधा शुद्धीच्या पायरीवरूनच पुढे गेलेला असतो. उभा असलेल्याने बसावे, बसूनही राग न गेल्यास आडवे व्हावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्या पहिल्या पायरीसाठी आहे. वर चढून गेल्यावर तिचा उपयोग कसा व्हावा?

१९९० मध्ये सॅलोव्ही आणि मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 'भावनिक बुद्धिमत्ता' ही संकल्पना मांडली, तेव्हा स्वतःची भावना ओळखणे हा तिचा पाया मानला. म्हणून मी त्या तरुणास विचारले, "ताट समोर येण्यापूर्वी दिवसभरात काय घडले होते?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, कपाशीला धरलेला भाव मिळाला नाही, आणि सावकाराने चारचौघांत त्याच्या बापाचा उद्धार केला.

"त्याला काय उत्तर दिलेत?"

"काही नाही. मान खाली घालून आलो."

म्हणजे राग आवरणे त्याला येत होते. जेथे उलट बोलणे महागात पडले असते तेथे मशकीचे तोंड घट्ट बांधलेले होते. ते सुटले घरी, जेथे समोरची व्यक्ती उलट काही करू शकत नव्हती. मग 'अनावर' हा शब्द खरा कसा मानावा? आणि त्याने घरी आणले तेही मुळात राग नव्हते, अपमान होता. आपल्याकडे पुरुषाला राग दाखविण्याची मुभा आहे, दुःखाची नाही. प्रेषितांचे (स.) तान्हे पुत्र इब्राहीम यांनी प्राण सोडला तेव्हा त्यांचे डोळे सर्वांदेखत वाहिले, एका सहाबींना त्याचेही नवल वाटले होते.

मी म्हणालो, "क्षमा मागण्यापूर्वी त्यांना सावकाराची हकीकत सांगा."

तो उठता उठता थांबला. "मौलाना," तो म्हणाला, "माफी मागेन. पण ते सांगणे फार कठीण आहे."