चुकलेले नाणे आणि बिघडलेले नाणे

नाणी जमविणाऱ्यांच्या जगात एक चमत्कारिक न्याय चालतो. टांकसाळीत चुकून वेडेवाकडे घडलेले नाणे चढ्या भावाने विकले जाते. तेच नाणे बाहेर आल्यावर कोणी वाकडे केले असेल, तर दर्शनी किमतीपलीकडे त्याला कोणी विचारीत नाही. दिसायला मात्र दोन्ही सारखी. मग विकणाऱ्याने “आहे हे असे आहे, पाहून घ्या” एवढेच म्हणून गप्प राहावे काय? ते गप्प राहणे खोटे बोलणे ठरते काय?

आधी भेद पाहू. कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली की धातू ठशाच्या खोबणीत वाहतो. टांकसाळीतील चूक त्या क्षणी किंवा त्याआधी झालेली असते, म्हणून तिची खूण त्या वाहण्यात उरते. पत्र्यातून चकती कापताना काप आधीच्या छिद्रावर पडला, तर नाणे चंद्रकोरीसारखे खाल्लेले निघते. अशा नाण्यावर बरोबर समोरची कडाही बहुधा दबकी असते, आणि कापाजवळची अक्षरे त्याच्याकडे ओढल्यासारखी दिसतात. कानशीने कापलेल्या नाण्याचे अक्षर मध्येच तुटते. समोरची कडा शाबूत राहते. तसेच आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याची खोलगट, उलटी प्रतिमा उमटते. वाइसमध्ये दोन नाणी दाबूनही उलटी प्रतिमा मिळते, पण तिच्याखाली मूळ चित्र चेपलेले दिसते. रुळावर ठेवलेले किंवा आम्लात बुडविलेले नाणे तर सरावलेल्या डोळ्याला लगेच कळते.

(रविवार शाळेच्या शिक्षकांना येथे मनुष्यस्वभावाचा दाखला सुचेल. आम्हालाही सुचला. परंतु जन्मतःचा दोष आणि नंतरची जखम यांचा माणसांच्या बाबतीत असा बाजारभाव करणे आम्हास रुचत नाही.)

अमेरिकेत 1943 साली तांबे युद्धाकडे वळविल्यामुळे एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडली गेली. चुकून काही थोडी जुन्या ब्राँझच्या चकत्यांवर पडली, आणि ती अतिशय मोलाची ठरली. मग पोलादी नाण्यांवर तांबे चढवून विकणारे निघाले. लोहचुंबक त्यांना तत्काळ उघडे पाडतो.

तांबे चढविणारा लबाड आहे, यात वाद नाही. आम्हाला अधिक विचारात पाडतो तो दुसरा मनुष्य: चुंबक खिशात असून जो तो लावीत नाही. तो म्हणतो, मी खोटे काय बोललो? परंतु गिऱ्हाईक धातूचे पैसे देत नाही. हे नाणे टांकसाळीतच असे घडले, या इतिहासाचे देतो. तो इतिहास ठाऊक नसताना त्याची किंमत घेणे आणि ठाऊक होऊ नये म्हणून डोळे झाकणे, यांत आम्हास फारसे अंतर दिसत नाही. आजोबांच्या पेटीत नाणे सापडलेल्या मुलाने “मला ठाऊक नाही” असे सांगितले तर तो प्रामाणिकच आहे. मात्र मग त्याने भावही ठाऊक नसलेल्या नाण्याचाच घ्यावा.

कोणी म्हणेल, घेणाऱ्याला आनंद झाला, त्याला कधी कळणारही नाही. त्याला न कळेल. पण पुढे त्याची मुले पैशाच्या निकडीत तेच नाणे घेऊन एखाद्या जाणकाराकडे जातील, आणि तो भिंगातून समोरची कडा पाहून ते त्यांच्या हाती परत देईल.