पगाराचा शुक्रवार

कोलंबियातल्या काली शहरात १९९२ साली रॉड्रिगो गेरेरो महापौर झाले. मूळचे डॉक्टर, त्यातही साथरोगशास्त्राचे अभ्यासक. १९८३ मध्ये शहरात लाख लोकांमागे वर्षाला २३ खून होत; ते महापौर झाले तेव्हा हा आकडा नव्वदीला पोचला होता. कारण सगळ्यांना पाठ होते: कोकेनच्या टोळ्या. म्हणजे काम लष्कराचे, पोलिसांचे. नगरपालिकेने पाणी आणि गटारे बघावीत.

गेरेरो यांनी आधी साधाच प्रश्न विचारला: माणसे नेमकी मेली किती? पोलिसांचा आकडा एक, न्यायवैद्यक विभागाचा दुसरा, न्याययंत्रणेचा तिसरा. मग दर आठवड्याला या सगळ्यांना एका टेबलाशी बसवून एकेका खुनाची नोंद जुळवणे सुरू झाले. कुठे झाला, किती वाजता, कशाने, मेलेला माणूस प्यालेला होता का. या कंटाळवाण्या कामाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो. ज्या शहराला आपले मेलेले नीट मोजता येत नाहीत, ते जिवंत माणसांना वाचवणार कसे?

नोंदी जुळल्या तसे टोळ्यांच्या पलीकडचे काही दिसू लागले. खून रात्री वाढत, शनिवार-रविवारी वाढत आणि पगार झाला की वाढत. तिथे पगार पंधरवड्याला होतो. खिशात पैसे, पोटात दारू, कमरेला पिस्तूल. मग एखादा शब्दही पुरे. टोळ्या होत्याच, पण कितीतरी माणसे अशा भांडणांत जात होती. म्हणून पगाराच्या शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी परवानाधारकांनाही शस्त्र घेऊन बाहेर पडायला बंदी झाली. पुढे बोगोटानेही तेच केले. तिथले महापौर अंतानास मॉकस यांनी दारूचे गुत्ते रात्री एकला बंद करायला लावले आणि त्या वेळेला नाव पडले ‘गाजराची वेळ’; तिथल्या बोलीत गाजर म्हणजे सरळमार्गी माणूस. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शस्त्रबंदीच्या काळात, बंदी नसलेल्या काळाच्या तुलनेत, कालीत खुनांचे प्रमाण १४ टक्क्यांनी, बोगोटात १३ टक्क्यांनी कमी होते. काली त्याने शांत झाले नाही. १९९४ मध्ये तिथले खून आणखी चढले. तरीही त्या १४ टक्क्यांत घरी परतलेली माणसे आहेत, आणि मी ती मोजतो.

आपल्याकडे हा विषय काढला की उत्तर येते, पोलीस पालिकेच्या हातात नाहीत. खरेच आहे. कोलंबियाच्या राज्यघटनेने महापौराला गावातला पहिला पोलीस अधिकारी मानले आहे. मुंबईचे पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे. पण रुग्णालये पालिकेचीच आहेत ना? २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या बाईला डॉक्टर-परिचारिकांनी आडोशाला नेऊन, घाई न करता, घरी काय चालले आहे ते विचारावे, ही त्यामागची समज. घरातला मार हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे पालिकेने मान्य केले होते. हे केवढे मोठे पाऊल होते, हे आपण पुरेसे बोललेलो नाही.

पावसाळ्यात मलेरियाचा रुग्ण सापडला की पालिकेची माणसे त्या वस्तीत जातात. पिंपे उघडून बघतात, छतावरचे टायर हलवतात. पालिकेच्याच रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री चाकू लागलेला मुलगा येतो. टाके पडतात, पोलिसांसाठी कागद होतो, आणि चार दिवसांनी तो त्याच गल्लीत परत जातो. तिथला दिवा किती दिवस बंद आहे, कोपऱ्यावरचा गुत्ता किती वाजेपर्यंत चालतो, हे बघायला कोणी जात नाही.